सुईणीची साक्ष

फार जुनी गोष्ट आहे, आणि दूरची. युरोपात, डोंगरातून उतरणाऱ्या एका नदीकाठी, कोट बांधलेलं एक लहानसं शहर होतं. त्या काळी तिथे छापखाने नुकतेच रुळले होते, पंथापंथांची भांडणं पेटत होती, विझत होती, पुन्हा पेटत होती. आणि माणसाच्या मनातलं खरं बाहेर कसं काढायचं, याबद्दल शहाण्या लोकांची एक पक्की समजूत होती. माणूस सुखात असला की खोटं बोलतो, पण जिवावर बेतलं की त्याच्या तोंडून खरंच बाहेर पडतं, अशी ती समजूत. चोराला दोरीनं टांगून विचारायचे ते याच भरवशावर.

त्याच भरवशावर त्या शहरात आणखी एक नियम होता. लग्नाविना दिवस गेलेल्या बाईला कळा सुरू झाल्या, की सुईणीनं आधी विचारायचं, "बाप कोण?" नाव मिळेपर्यंत तिला हात लावायचा नाही. नगरसभेचा एक सभासद साक्षीला दारात उभा राहायचा. नाव मिळालं की तो पुरुष धरला जायचा. एकटा असेल तर त्याला त्या बाईशी लग्न करावं लागे, नाहीतर शहर सोडून जावं लागे. लग्न झालेला असेल तर फटके मारून कोटाबाहेर काढत. "मी तो नव्हेच," असं म्हणायची सोय नव्हती. कळा सोसताना कोणती बाई खोटं बोलेल?

शहराच्या सुईणीचं नाव होतं ओटिलिया. नवरा केव्हाच वारला होता. चामडं कमावणाऱ्यांच्या गल्लीत, वास मारणाऱ्या ओढ्याच्या काठी ती एकटी राहायची. तरुणपणी तिनं चर्चमध्ये सगळ्यांसमोर शपथ घेतली होती, की नगरसभेचे नियम पाळीन आणि ऐकलं ते जसंच्या तसं सांगीन. तिनं ती शपथ पाळली होती. निम्मं शहर तिच्या हातावर जन्मलं होतं, म्हणून रस्त्यात लोक तिला वाट करून देत.

पण आता ती दमली होती. हात दमले नव्हते, हातांना काम कळत होतं. दमलं होतं ते तोंड. तो प्रश्न विचारून विचारून तिच्या जिभेला जणू घट्टे पडले होते. वाटेत कधी बसावंसं वाटलं की ती चर्चच्या पायऱ्यांवर बसायची आणि उठायला तिला फार वेळ लागायचा. कुणी विचारलं, "गुडघे दुखतात का हो?" तर म्हणायची, "हो, गुडघेच."

एका शरदातल्या सकाळी पाववाल्याची बायको तिला बोलवायला धावत आली. त्यांच्याकडे आग्नेस नावाची एक मोलकरीण होती. डोंगरापलीकडच्या खेड्यातून आलेली, कमी बोलणारी, पीठ मळायला मजबूत. तिला दिवस गेल्याचं सगळ्यांना दिसत होतं, पण बाप कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"पहाटेपासून तळमळतेय," पाववाल्याची बायको म्हणाली. "आणि साक्षीला तो लीनहार्ट आलाय. माझ्या घरात पाय ठेवताना तोंड असं केलंय, जणू शेणात पाय पडलाय."

लीनहार्ट हा नगरसभेचा सभासद. लोकरीचा मोठा व्यापारी. कडक माणूस, कुणाकडून कधी सफरचंदसुद्धा फुकट घेतलं नव्हतं त्यानं. तो हसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. शहर त्याला घाबरायचं, आणि ज्याला घाबरावं त्याच्यावर कुणी प्रेम करत नाही.

आग्नेस भट्टीमागच्या खोलीत पेंढ्यावर पडली होती. भिंत भट्टीनं तापलेली, खोलीत पावाचा वास. ओटिलियानं एका नजरेत ओळखलं, की मूल आडवं आलंय. हात घालून फिरवावं लागणार, आणि लवकर. तिनं बाह्या वर सारल्या. दारातून लीनहार्ट खाकरला.

ओटिलिया थांबली. मग गुडघे टेकून मुलीच्या कानाशी गेली.

"पोरी, बाप कोण?"

आग्नेसनं मान हलवली.

"सांग गं. मला तुला हात लावू दे."

"ते नाव या शहरात घेण्यासारखं नाही, बाई."

कळ आली, गेली. दुसरी आली. ओटिलियानं पुन्हा विचारलं. मुलगी ओठ चावत राहिली, ओठातून रक्त आलं, पण नाव आलं नाही. सूर्य खिडकीवर आला. पाववाल्याची बायको कोपऱ्यात तोंडाला रुमाल लावून उभी होती. ओटिलिया आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती आणि ते हात तिला दुसऱ्याच कुणाचे वाटत होते.

"साहेब, मूल आडवं आहे," ती दाराकडे न बघता म्हणाली. "उशीर झाला तर दोघंही जातील."

"मलाही हे बघवत नाही," लीनहार्ट म्हणाला. आणि ते खरं होतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "पण नियम माझ्यासाठी बदलत नाही, तुमच्यासाठीही नाही. तिला म्हणावं, एक नाव. एवढंच." मग त्याला वाटलं आपण मदत करावी. तो उंबऱ्याच्या आत आला आणि मोठ्यानं म्हणाला, "मुली, तो रंगाऱ्याचा मुलगा आहे का?"

"हो," आग्नेस किंचाळली.

"रंगाऱ्याचा मुलगा? का तो दळण आणणारा गाडीवान?"

"हो, तोच! तोच!"

"दोघंही कसे असतील? नीट सांग!"

तेव्हा आग्नेसनं डोळे उघडले. समोर लीनहार्टचा चेहरा होता, दुसरं काहीच नव्हतं. "तुम्ही!" ती ओरडली. "तुमचंच घ्या! तुम्ही आहात! आता बाईंना हात लावू द्या हो!"

भट्टीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला. पाववाल्याच्या बायकोच्या हातातला रुमाल गळून पडला. लीनहार्टचं तोंड उघडंच राहिलं.

ओटिलिया उठून मुलीच्या पायांशी गेली. "नाव मिळालं," ती म्हणाली. "आता बाजूला व्हा."

मूल वाचलं. मुलगी झाली होती, निळसर, आधी गप्प, मग चिडून रडणारी. आग्नेसही वाचली, पण कशीबशी. कितीतरी दिवस तिला पेला धरवत नव्हता.

बातमी पाववाल्याच्या दुकानातून पावाबरोबरच घरोघर गेली. लीनहार्ट! कडक लीनहार्ट! लोकांना विश्वास ठेवायला फार आवडलं. त्याची बायको चर्चमध्ये एकटी येऊन एकटी जाऊ लागली. त्याच्या मुलीची सोयरीक जुळत आली होती, ते लोक काही कारण सांगून मागे हटले. नगरसभेनं ठरवलं, की रविवारनंतर सभागृहात सुनावणी होईल आणि सुईणीची साक्ष घेतली जाईल. कारण नियमाप्रमाणे शेवटचा शब्द सुईणीचा.

सुनावणीआधी नगरप्रमुख स्वतः ओटिलियाच्या घरी आला. म्हातारा, गोड बोलणारा माणूस होता. वास येऊ नये म्हणून त्यानं नाकाशी लवंग धरली होती.

"ओटिलियाबाई, मुलगी ओरडत होती. भट्टीचा आवाज, गोंधळ. तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल. वयही झालंय."

"ऐकू आलं नाही असं सांगू?"

"मी काय सांगणार? तुम्हाला आठवेल तसं सांगा. पण तसं आठवलं तर एक चांगलं घर वाचेल, नियमही राहील आणि तुमचं पदही राहील."

तो गेल्यावर पाववाल्याची बायको आली. तिनं गरम पाव आणला होता.

"फक्त ऐकलंत ते सांगा," ती म्हणाली. "एवढंच. त्यानं किती जणांना असं बाहेर काढलंय! आता बघू दे त्याला कसं वाटतं ते. तुम्हाला खोटं बोलायचं नाहीच मुळी. तिनं नाव घेतलं की नाही? घेतलं."

ओटिलियानं पाव मोडून खाल्ला. चांगला होता. तिच्या मनात आलं, दोघंही मला सोपंच काम सांगताहेत. "ऐकलं नाही" म्हटलं की सुटले, "ऐकलं" म्हटलं की सुटले. कुठलंही एक बोलून मला घरी येऊन पडता येईल. आणि तिला खरोखर पडायचंच होतं. किती वर्षांपासून तिला नुसतं पडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पुलावर लीनहार्ट भेटला. तो विनवायला आला नव्हता. विनवणं त्याला येतच नव्हतं. थोड्याच दिवसांत त्याचा अंगरखा त्याला मोठा झाला होता.

"तुम्हाला माहीत आहे, मी तो नव्हे," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग तसं सांगा."

"तसं सांगितलं तर बाकीचंही सांगावं लागेल, साहेब."

"बाकीचं काय?"

नदीकडे बघत ती कठड्याला धरून पलीकडे गेली. तो तिथेच उभा राहिला.

सुनावणीला सभागृह भरलं. खिडक्यांतून माणसं डोकावत होती. आग्नेसला उठता येत नव्हतं, म्हणून ती नव्हती. नगरप्रमुखानं विचारलं, "ओटिलिया, त्या मुलीनं कळांमध्ये कुणाचं नाव घेतलं? तुम्ही काय ऐकलंत?"

"लीनहार्टसाहेबांचं घेतलं. मी नीट ऐकलं."

सभागृहात आवाज उठला. नगरप्रमुखानं डोळे मिटले.

"आणि ते खोटं आहे," ओटिलिया म्हणाली.

आवाज थांबला.

"खोटं? तुम्हाला कसं माहीत?"

"त्याआधी तिनं रंगाऱ्याच्या मुलालाही हो म्हटलं, गाडीवानालाही हो म्हटलं. साहेबांनी स्वतःच विचारलं होतं. त्या वेळी तिला बिशपचं नाव विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती. तिला बाप सांगायचा नव्हता. तिला माझे हात हवे होते."

एक सभासद उभा राहिला. तो लीनहार्टचा मित्र होता आणि खूश झाला होता. "म्हणजे या मुलीची साक्ष धरायची नाही. ही एक मुलगी खोटं बोलली. संपलं."

ओटिलियाला इथं थांबता आलं असतं. सगळे तिला थांबूच द्यायला तयार होते. तिनं समोरच्या बाकाची कड धरली.

"ही एक मुलगी नाही," ती म्हणाली. "मी इतकी वर्षं प्रत्येकीला असंच विचारलं. हात बाजूला ठेवून विचारलं. त्यांनी नावं घेतली. मी ती तुम्हाला आणून दिली, जशीच्या तशी. नावं मी ऐकली, हे खरं. पण ती खरी होती का, ते मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. मी स्वतःला ते विचारलंच नाही. विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी कामाला जाता आलं नसतं."

"तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?" नगरप्रमुखाचा गोड आवाज गेला होता. "म्हणजे आजवरचे सगळे निवाडे..."

"मला निवाड्यातलं कळत नाही. मला एवढंच कळतं, की दुखणारं माणूस दुखणं थांबवायला बोलतं."

"मग तुमच्या शब्दावर यापुढे कुणी विश्वास का ठेवावा?"

"ठेवू नये," ओटिलिया म्हणाली. "म्हणूनच सांगतेय."

लोक ओरडू लागले. कुणी तिला म्हातारचळ लागला म्हणालं, कुणी वाईट शब्द वापरले. ज्या बायकांची मुलं तिच्या हातावर जन्मली होती त्यांतल्या काही खाली बघत होत्या. तिला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. फक्त पाय दुखत होते.

तेव्हा लीनहार्ट उठला. सुटलेला माणूस आनंदानं बोलतो तसं तो बोलला नाही.

"तिनं माझं नाव घेतलं," तो म्हणाला, "तेव्हा मला लगेच कळलं की हे खोटं आहे." पुढचं वाक्य त्याला सापडत नव्हतं. "यापूर्वी मी दारात उभा असताना... ती माणसं मला सांगायची की हे खोटं आहे. मी त्यांना म्हणायचो, प्रत्येक गुन्हेगार असंच म्हणतो." आणि तो बसला.

नगरसभेनं त्या दिवशी नियम रद्द केला नाही. इतकी वर्षं आपण चुकलो, हे एका दुपारी कबूल करायला कुठली सभा तयार होते? पण लीनहार्ट पुढच्या प्रत्येक बैठकीत तोच विषय काढत राहिला, कडक माणूस जसा काढतो तसा, कंटाळा येईपर्यंत. शेवटी वाऱ्यात हिवाळा आला तेव्हा नियमात एक बदल झाला. सुईणीनं आधी बाळंतपण करायचं. प्रश्न विचारायचा तो बाळंतीण उठून चालायला लागल्यावर, दिवसाउजेडी, तिला बसायला देऊन. आग्नेसला तसं विचारलं गेलं. ती म्हणाली, "सांगणार नाही." तिला काही दुखत नव्हतं, त्यामुळे तिला बोलतं करायचं कसं ते कुणालाच सुचलं नाही. ती पीठ मळायला परत गेली.

ओटिलियाचं पद मात्र गेलं. तिच्या जागी दुसरी सुईण आली. ओटिलियाला राग आला नाही. तिनं स्वतःच सांगितलं होतं ना, विश्वास ठेवू नका म्हणून.

एक दिवस लीनहार्ट तिच्या दाराशी आला. त्याच्या नाकाशी लवंग नव्हती.

"मला त्या घरांत जायचं आहे," तो म्हणाला. "ज्यांना आपण धरलं होतं. मला सगळी आठवत नाहीत. तुम्हाला आठवत असतील."

"मला सगळी आठवतात," ओटिलिया म्हणाली, आणि शाल घेऊन निघाली.

ते दोघं थंडीत गल्ल्या फिरले. बरीच दारं उघडलीच नाहीत. एका विणकराची म्हातारी आई दारात बसून सलगम सोलत होती. तिचा मुलगा तेव्हा शहर सोडून गेला होता आणि कुठे आहे ते कुणाला माहीत नव्हतं. लीनहार्टनं टोपी काढून सांगितलं, की कदाचित तो खरं बोलत असावा. म्हातारीनं सोलणं थांबवलं नाही.

"कदाचित कशाला?" ती म्हणाली. "मी त्याची आई आहे. मला तेव्हाच माहीत होतं." मग तिनं सुरी खाली ठेवली. "पण बरं झालं सांगितलंत. शेजारीण बोलत नव्हती माझ्याशी. जाता जाता तिलाही सांगा."

त्यांनी शेजारणीलाही सांगितलं.

शेवटी ते पिंपं बनवणाऱ्या एका कारागिराकडे गेले. बरीच वर्षं झाली, त्याला असंच धरून एका मुलीशी त्याचं लग्न लावलं होतं. तेव्हा तो चर्चच्या दारापर्यंत ओरडत गेला होता, की हे मूल माझं नाही. आता त्याच्या केसांत पांढरं आलं होतं. लाकडाचा भुसा झटकत तो बाहेर आला. लीनहार्टनं बोलायला सुरुवात करताच त्यानं हात वर केला आणि मागचं दार ओढून घेतलं.

"हळू बोला," तो म्हणाला. "मुलगी आत आहे."

"आम्ही एवढंच सांगायला आलोय," लीनहार्ट म्हणाला, "की तू तेव्हा खरं बोलत असशील, तर..."

"खरंच बोलत होतो." त्याच्या आवाजात राग नव्हता, राग फार पूर्वी वापरून संपला होता. "तेव्हा कुणी ऐकलं असतं तर मी वेगळा माणूस झालो असतो. आता तिला माझ्याशिवाय झोप लागत नाही. ती माझी नाही असं तुम्ही लिहून काढलंत, तर तिला मी काय सांगू?"

लीनहार्टनं ओटिलियाकडे बघितलं. तिच्याच हातावर ती मुलगी जन्मली होती.

"काही लिहिणार नाही," शेवटी लीनहार्ट म्हणाला.

"मग ठीक आहे." कारागीर वळला, पण आत गेला नाही. दाराची कडी धरून पाठमोराच म्हणाला, "पण मला सांगायला आलात, ते बरं केलंत. मला मधूनमधून वाटायला लागलं होतं, की बहुतेक मीच खोटं बोलत होतो."

आतून कुणीतरी "बाबा" म्हणून हाक मारली. तो आत गेला.

ते दोघं परत निघाले. बर्फ पडायला लागलं होतं. चढावर ओटिलियाचा श्वास लागला तेव्हा लीनहार्टनं न बोलता आपला हात पुढे केला. तिनं तो धरला, आणि दोघं सावकाश वर चढले.

आता यातून घ्यायचं ते एवढंच: दुखणारा माणूस सुटकेसाठी बोलतो, म्हणून आधी त्याला सोडवावं आणि मग विचारावं. आणि आपण केलेला अन्याय उशिरा कळला, तरी दारोदार जाऊन तो कबूल करावा. त्यानं गेलेले दिवस परत येत नाहीत, पण ज्याला आपण खोटं ठरवलं, त्याचा स्वतःवरचा विश्वास तरी परत येतो.